माणसे भली, पंथ संशयित

मॉर्मन पंथाविषयी अमेरिकेतले जनमत पहिल्यापासून दुभंगलेले आहे. पंथाचे नाव काढले की अनेकांच्या कपाळावर आठी पडते. शेजारच्या मॉर्मन कुटुंबाविषयी विचारले, तर तीच माणसे तोंड भरून कौतुक करतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १५ टक्के अमेरिकनांनी मॉर्मनांविषयी अनुकूल मत दिले, २५ टक्क्यांनी प्रतिकूल, आणि उरलेल्यांचे मत धड इकडेही नव्हते, तिकडेही नव्हते. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या राज्यशास्त्रज्ञांनी २०१० सालच्या ‘अमेरिकन ग्रेस’ या ग्रंथात आणखी एक विसंगती नोंदवली आहे. मॉर्मन लोक बहुतेक सगळ्या धर्मीयांविषयी आपुलकीने बोलतात, पण त्या आपुलकीची परतफेड करणारे फार थोडे. कॅम्पबेल स्वतः मॉर्मन आहेत, हेही इथे सांगून टाकलेले बरे.

पंथाचे अधिकृत नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. अमेरिकेच्या यूटा राज्यातले सॉल्ट लेक सिटी हे त्याचे मुख्यालय. पंथाच्या नोंदीनुसार सदस्यसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास आहे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अमेरिकेबाहेर राहतात. दारू, तंबाखू, चहा आणि कॉफी वर्ज्य; उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशांश, पंथाला द्यायचा; तरुण मुलांनी दोन वर्षे आणि मुलींनी दीड वर्ष घर सोडून धर्मप्रचार करायचा, अशी शिस्त. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर काळी नामपट्टी लावून जोडीने फिरणारे मिशनरी तरुण ही या पंथाची जगभर ठरून गेलेली छबी. मराठी वाचकाची मॉर्मनांशी गाठ पडलेली असते, फक्त ती त्याला ठाऊक नसते. परिणामकारक माणसांच्या सात सवयी सांगणारे स्टीफन कोवी, ‘ट्वायलाइट’ कादंबऱ्यांच्या लेखिका स्टेफनी मायर आणि मॅरियट हॉटेलांचे संस्थापक घराणे, हे सारे याच पंथातले.

संशयाची मुळे पंथाच्या जन्मातच आहेत. जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावाजवळचा शेतकऱ्याचा मुलगा. एका देवदूताने आपल्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले आणि त्यांवरचा मजकूर आपण दैवी साहाय्याने इंग्रजीत आणला, असे त्याने जाहीर केले. तो ग्रंथ म्हणजे ‘बुक ऑफ मॉर्मन’. मार्च १८३० मध्ये तो छापून झाला आणि ६ एप्रिल १८३० रोजी पंथाची रीतसर स्थापना झाली. छपाईच्या खर्चासाठी मार्टिन हॅरिस नावाच्या अनुयायाने आपली शेतजमीन गहाण टाकली होती. जेरुसलेमहून अमेरिकेत आलेल्या एका प्राचीन समाजाचा हा इतिहास असून पुनरुत्थानानंतर येशूने त्या समाजाला दर्शन दिले, असे ग्रंथ सांगतो. पुरातत्त्वशास्त्राला याचा पुरावा सापडलेला नाही.

इतर ख्रिस्ती पंथांना खटकले ते निराळेच. बायबलनंतर नवे शास्त्र येऊ शकते, ईश्वराला देह आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे आहेत, आणि माणूस पायरी-पायरीने ईश्वरासारखा होऊ शकतो, ही शिकवण त्रैक्याच्या परंपरागत सिद्धांतात बसत नाही. म्हणून रोमन कॅथलिक चर्चने २००१ साली मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. प्यूच्या २०११ च्या पाहणीत साधारण निम्म्या अमेरिकनांनीच मॉर्मनांना ख्रिस्ती मानले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खुद्द मॉर्मनांना विचारले, तर ९७ टक्के म्हणाले की आम्ही ख्रिस्तीच. या दोन आकड्यांतली दरी जाहिरातीने बुजणारी नाही, कारण तिथे गैरसमज नाही, खरा मतभेद आहे. पंथाचे प्रवक्ते कित्येकदा हा फरक सोयीस्करपणे विसरतात.

पहिल्या पिढीच्या बाबतीत मात्र लोक वाईट बोलण्यापुरते थांबले नाहीत. मिसूरी राज्यात हे लोक गटाने येत, एकगठ्ठा जमीन घेत, एकगठ्ठा मत देत आणि ही भूमी देवाने आपल्याला दिली आहे असे उघड बोलत. त्या गुलामगिरीच्या राज्यात त्यांच्यावर गुलाममुक्तीवादी असल्याचाही संशय होता. चकमकी वाढल्या, तेव्हा २७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्याबाहेर हाकला, नाही तर त्यांचा नायनाट करा, असा हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर हल्ला होऊन १७ पुरुष आणि मुलगे मारले गेले. हा हुकूम राज्याच्या दप्तरातून अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ साल उजाडले.

इलिनॉय राज्यात या लोकांनी नाउवू हे शहर वसवले. तिथे स्मिथ संदेष्टा, महापौर आणि नगरसेनेचा सेनापती असा सर्वेसर्वा झाला. एकाहून अधिक स्त्रियांशी त्याचे विवाह होत होते, पण बाहेर त्याचा साफ इन्कार केला जाई. पंथातूनच फुटलेल्या काहींनी वर्तमानपत्र काढून ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, तेव्हा नगरपरिषदेच्या आदेशाने त्यांचा छापखाना मोडण्यात आला. त्यातून उद्भवलेल्या प्रकरणात अटकेत असताना २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात घुसलेल्या जमावाने जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांना ठार केले. अनुयायांच्या लेखी तो हुतात्मा झाला, विरोधकांच्या लेखी एका भोंदूचा शेवट झाला. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत मॉर्मनांकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा फारशा बदललेल्या नाहीत.

स्मिथनंतर पुढारी झालेल्या ब्रिगम यंग यांच्या मागून हजारो माणसे पश्चिमेकडे निघाली आणि २४ जुलै १८४७ रोजी यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. तो दिवस यूटात अजून सुट्टीचा असतो. लोकांच्या रागाला त्यांनी दिलेले हे पहिले उत्तर: जिथे गोऱ्यांची वस्ती नाही तिथे निघून जाणे. दूर गेल्यावर हिंमत वाढली आणि १८५२ साली बहुपत्नीत्वाची जाहीर घोषणा झाली. मग उरलेल्या अमेरिकेला आयताच विषय मिळाला. नव्याने उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन पक्षाने १८५६ च्या जाहीरनाम्यात बहुपत्नीत्वाला गुलामगिरीच्या जोडीला बसवून दोन्ही रानटी प्रथा संपवण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने यूटाकडे सैन्य धाडले. त्याच भयगंडाच्या वातावरणात ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज इथे स्थानिक मॉर्मन नागरी सैन्याने अर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातल्या सुमारे १२० जणांची कत्तल केली. त्यांत स्त्रिया आणि मुलेही होती. सुरुवातीला सारा दोष मूळ रहिवासी पायूट लोकांवर ढकलला गेला. शिक्षा एकट्या जॉन डी. ली याला झाली, तीही वीस वर्षांनी. पंथाच्या नेतृत्वाने या हत्याकांडाविषयी जाहीर खेद व्यक्त केला तो २००७ साली, दीडशेव्या स्मृतिदिनी. छळ सोसलेला समाज छळही करू शकतो, हे या पंथाच्या इतिहासातले सर्वांत अवघड प्रकरण आहे.

लोकमानसातला मॉर्मन घडवण्यात लेखकांचा वाटा मोठा. मार्क ट्वेन यांनी १८७२ च्या ‘रफिंग इट’मध्ये पंथाच्या ग्रंथाची झोप आणणारे वाङ्मय म्हणून टर उडवली. आर्थर कॉनन डॉइल यांनी शेरलॉक होम्सची पहिलीच कादंबरी, १८८७ ची ‘अ स्टडी इन स्कार्लेट’, मॉर्मनांच्या गुप्त मारेकऱ्यांवर आणि बळजबरीच्या लग्नावर उभी केली. होम्सच्या मागोमाग हा खलनायक जगभरच्या भाषांत जाऊन पोचला. व्यंगचित्रांत दाढीवाला म्हातारा आणि त्याच्या मागे बायकांची रांग हे चित्र ठरूनच गेले होते.

कायद्याच्या लढाईत हिंदुस्थानही ओढला गेला. ब्रिगम यंग यांचे चिटणीस जॉर्ज रेनॉल्ड्स यांच्यावर द्विभार्या प्रतिबंधक कायद्याखाली खटला झाला. धर्माज्ञा म्हणून केलेले लग्न गुन्हा कसे, हा त्यांचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १८७९ साली निकाल दिला, की श्रद्धेचे स्वातंत्र्य आहे, पण त्या नावाखाली कोणतीही कृती करण्याचे नाही. दाखला म्हणून न्यायालयाने पतीच्या चितेवर जाणाऱ्या विधवेचे, म्हणजे सतीप्रथेचे, उदाहरण घेतले आणि बहुपत्नीत्व ही आशिया-आफ्रिकेतल्या लोकांची चाल असल्याचाही शेरा मारला. गोऱ्या, इंग्रजी बोलणाऱ्या माणसांना ‘पौर्वात्य’ ठरवून परके करण्याची ही रीत त्या काळच्या वर्तमानपत्रांतही सर्रास आढळते.

१८८७ च्या कायद्याने पंथाची संस्था म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि मालमत्ता जप्तीला आली. तेव्हा १८९० साली अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी नवे बहुपत्नीक विवाह थांबवण्याचा सल्ला देणारे निवेदन काढले. यूटाला १८९६ साली राज्याचा दर्जा मिळाला. पण लग्ने चोरूनमारून चालूच होती. रीड स्मूट हे पंथाचे प्रेषित सिनेटवर निवडून आले, तेव्हा त्यांना बसू द्यावे की नाही यावर १९०४ ते १९०७ अशी सुनावणी चालली. त्यात पंथाध्यक्ष जोसेफ एफ. स्मिथ यांनी आपण अजून एकापेक्षा जास्त पत्नींसह संसार करत असल्याचे साक्षीत कबूल केले आणि देशभर गदारोळ उडाला. १९०४ मध्ये दुसरे निवेदन निघाले आणि यापुढे असे लग्न करणाऱ्याला पंथातून काढले जाईल असे ठरले. स्मूट यांची जागा टिकली. ते १९३३ पर्यंत सिनेटवर होते. ज्यांना ही माघार मान्य नव्हती ते फुटून निघाले. वॉरन जेफ्स याचा मूलतत्त्ववादी गट त्या फुटीरांपैकी. अल्पवयीन मुलींवरील लैंगिक अत्याचारांसाठी २०११ साली त्याला जन्मठेप झाली. मुख्य पंथाशी या गटाचा काही संबंध नाही, पण मालिका आणि माहितीपट पाहणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही एकच. एचबीओची ‘बिग लव्ह’ असो की नेटफ्लिक्सची ‘कीप स्वीट’, प्रत्येक वेळी पंथाला तोच खुलासा नव्याने करावा लागतो.

विसाव्या शतकात या समाजाने जे केले त्याला कात टाकणेच म्हणायला हवे. पळून जाणे झाले, लढणे झाले, शरण जाणे झाले. आता त्यांनी अमेरिकनांहून अधिक अमेरिकन व्हायचे ठरवले. पंथाच्या टॅबरनॅकल गायकवृंदाचा साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम १५ जुलै १९२९ रोजी सुरू झाला आणि अजून चालू आहे. त्या वृंदाने राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधींना गायन केले. मंदीच्या काळात, १९३६ साली, पंथाने स्वतःची गरजू-साहाय्य योजना उभारली. एझ्रा टॅफ्ट बेन्सन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे कृषिमंत्री झाले, जॉर्ज रॉम्नी मिशिगनचे गव्हर्नर झाले. कुटुंबवत्सल, निर्व्यसनी, उद्यमी आणि थोडासा रटाळ, असा मॉर्मन आता लोकांच्या डोळ्यांसमोर येऊ लागला. १९७२ पासून पंथाने रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर मुलांसाठी वेळ काढा, घरात बोलत राहा, असे सांगणाऱ्या छोट्या जाहिराती दिल्या. त्यांत धर्मोपदेश नव्हता, शेवटी फक्त पंथाचे नाव येई. प्रसिद्धीचे हे तंत्र फारच यशस्वी ठरले.

पण चकाकी देताना आतले डाग झाकले गेले. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाकारण्याची आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिरातल्या विधींपासून दूर ठेवण्याची प्रथा ब्रिगम यंग यांच्या काळापासून चालत आली होती. नागरी हक्कांच्या चळवळीत ती डोळ्यांत भरली. १९६९ साली वायोमिंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघातल्या १४ कृष्णवर्णीय खेळाडूंनी मॉर्मनांच्या ब्रिगम यंग विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात निषेधाची काळी फीत बांधण्याची परवानगी मागितली, तर प्रशिक्षकाने त्यांना संघातूनच काढले. जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी साक्षात्काराचा हवाला देऊन ही बंदी उठवली. बंदीच्या समर्थनार्थ सांगितल्या गेलेल्या उपपत्ती चुकीच्या होत्या हे मान्य करायला मात्र २०१३ उजाडले. पुढे वायोमिंगच्या त्याच खेळाडूंच्या संस्थेबरोबर पंथाने गरजूंना अन्न पुरवण्याचे काम हाती घेतले. त्या चौदा जणांनी पुढे केलेला हात पंथाच्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाचा होता.

सॉल्ट लेक सिटीचे २००२ चे हिवाळी ऑलिंपिक हा प्रतिमेचा उच्चबिंदू. लाचखोरीच्या प्रकरणाने अडचणीत आलेले आयोजन जॉर्ज रॉम्नी यांचे पुत्र मिट रॉम्नी यांनी सावरले आणि पंथाने पाहुण्यांमध्ये धर्मप्रचार करायचा नाही असे पथ्य पाळले. पण २००८ साली पारडे फिरले. कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करण्यासाठी मांडलेल्या ‘प्रस्ताव ८’साठी पंथाने सदस्यांना वेळ आणि पैसा देण्याचे आवाहन केले. प्रस्ताव मंजूर झाला आणि लॉस एंजेलिसच्या मंदिरासमोर हजारोंची निदर्शने झाली. आजवर संशय धार्मिक उजव्यांकडून यायचा. आता डाव्या-उदारमतवाद्यांचा रागही ओढवला. गॅलपच्या २०११ च्या पाहणीत २२ टक्के अमेरिकनांनी मॉर्मन उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देणार नाही असे सांगितले. १९६७ मध्ये, जॉर्ज रॉम्नी यांच्या उमेदवारीच्या वेळी, हे प्रमाण साधारण तेवढेच होते. कॅथलिक किंवा ज्यू उमेदवाराविषयीचा विरोध दरम्यान ओसरला, मॉर्मनांच्या बाबतीत तो जागचा हलला नाही. तरीही २०१२ साली मिट रॉम्नी रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार झाले.

याच काळात पंथाने टीकेला उत्तर देण्याची सर्वांत चतुर तऱ्हा दाखवली. मार्च २०११ मध्ये ब्रॉडवेवर ‘द बुक ऑफ मॉर्मन’ हे संगीतक आले. युगांडात गेलेल्या दोन भाबड्या मिशनऱ्यांची ती अर्वाच्य, तुफान विनोदी गोष्ट. तिने नऊ टोनी पुरस्कार पटकावले. मोर्चे निघाले नाहीत, बंदीची मागणी झाली नाही. पंथाने एक छोटे, सभ्य निवेदन काढले आणि पुढे नाटकाच्या माहितीपत्रिकेत स्वतःच जाहिरात दिली, की नाटक पाहिलेत, आता मूळ ग्रंथही वाचून पाहा. काही शहरांत नाट्यगृहाबाहेर मिशनरी पुस्तके घेऊन उभे राहिले. धार्मिक भावना दुखावल्याच्या बातम्या रोज वाचणाऱ्या भारतीय वाचकाला हा प्रतिसाद विचार करायला लावणारा आहे. अर्थात त्यात हिशेबही होता. रागावून नाटकाची फुकट जाहिरात करण्याइतके पंथाचे प्रसिद्धीखाते अडाणी नव्हते.

जोडीला ‘आय ॲम अ मॉर्मन’ ही मोहीम चालू होती. मोटरसायकलस्वार, शिल्पकार, कृष्णवर्णीय महापौर, अशी नाना तऱ्हेची माणसे पडद्यावर स्वतःविषयी बोलत आणि शेवटी आपण मॉर्मन असल्याचे सांगत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये तिचे फलक झळकले. मग ऑगस्ट २०१८ मध्ये अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे सगळे एका फटक्यात उलटवले. ‘मॉर्मन’ हे टोपणनाव सोडा, पूर्ण नाव वापरा, असा त्यांचा आदेश. टोपणनावाने येशूचे नाव वगळले जाते आणि तो सैतानाचा विजय ठरतो, असे ते म्हणाले. जगप्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातला मॉर्मन शब्दही गेला. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. प्रसिद्धीच्या दृष्टीने मात्र कोट्यवधी डॉलर खर्चून कमावलेली ओळख पाण्यात गेली, आणि सोडलेले नाव टीकाकारांच्या व मनोरंजन कंपन्यांच्या हाती राहिले. २०२४ साली आलेल्या ‘द सीक्रेट लाइव्ज ऑफ मॉर्मन वाइव्ज’ या मालिकेने ते वापरलेही.

तरी मालिका आणि विनोद यांपेक्षा जास्त नुकसान गुप्ततेने केले आहे. मंदिरांतले विधी बाहेरच्यांपासून आणि नवख्या सदस्यांपासूनही राखून ठेवलेले असतात. त्यांतला मृतांसाठीचा बाप्तिस्मा सर्वांत वादग्रस्त. हयात सदस्य एखाद्या मृत व्यक्तीच्या वतीने बाप्तिस्मा घेतो. तो स्वीकारायचा की नाही हे त्या आत्म्याच्या इच्छेवर असते, असे पंथ मानतो. पण नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावे यात आल्याचे कळल्यावर ज्यू संघटना संतापल्या. १९९५ साली हे थांबवण्याचा करार झाला, तरी २०१२ मध्ये ॲन फ्रँकचे नाव पुन्हा आले. त्याच सुमारास महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाल्याच्या बातम्या आल्या. याच श्रद्धेची दुसरी बाजू कुणालाही आवडेल अशी आहे. पूर्वज शोधण्यासाठी पंथाने जगभरच्या नोंदी सूक्ष्मपटांवर घेतल्या आणि त्या सर्वांना फुकट खुल्या केल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वंशावळीच्या वह्याही त्यांत आहेत. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आपल्या घराण्याचे नाव शोधलेल्या माणसाला या कामाचे मोल सांगावे लागत नाही.

पैशाच्या बाबतीत पंथाची बाजू लंगडी आहे. एन्साइन पीक ही त्याची गुंतवणूक संस्था. शेअर बाजारातली अब्जावधी डॉलरची गुंतवणूक लोकांना दिसू नये म्हणून तिने वेगवेगळ्या नावांच्या कागदी कंपन्या उभ्या करून त्यांच्यातर्फे विवरणपत्रे भरली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने संस्थेला आणि पंथाला मिळून ५० लाख डॉलर दंड केला. झालेल्या चुकीबद्दल खेद आहे आणि प्रकरण आता संपले असे आम्ही मानतो, एवढेच पंथाने म्हटले. दशांश देणाऱ्या सदस्यांनाही एकूण रक्कम कधी सांगितली गेली नव्हती. अशा वेळी लोक आमच्याविषयी उगाच संशय घेतात ही तक्रार टिकत नाही.

याउलट जिथे दारे उघडली गेली तिथे परिणाम दिसला. इंटरनेटवर जुनी कागदपत्रे वाचून सदस्यच अस्वस्थ होऊ लागले, तेव्हा २०१३ पासून पंथाने अवघड विषयांवर निबंध प्रसिद्ध केले. जोसेफ स्मिथने बहुधा ३० ते ४० विवाह केले आणि त्यांतली एक वधू पंधरावे वर्ष पुरे व्हायच्या आतली होती, हे पंथाने स्वतः लिहिले. कित्येकांची श्रद्धा त्याने डळमळली, हे खरे. पण आपला इतिहास आधी विरोधकांकडून कळणे आणि तो घरच्यांनीच सांगणे यांत विश्वासाच्या दृष्टीने फार अंतर आहे. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावरही भूमिका सरळ रेषेत बदललेली नाही. २०१५ च्या मार्चमध्ये पंथाने यूटातल्या भेदभावविरोधी कायद्याला पाठिंबा दिला, त्याच नोव्हेंबरात समलिंगी जोडप्यांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणारा नियम काढला, २०१९ मध्ये तो मागे घेतला, आणि २०२२ मध्ये विवाहहक्कांच्या केंद्रीय कायद्याला हरकत घेतली नाही, उलट समर्थन दिले. शिकवण मात्र तीच आहे.

२८ सप्टेंबर २०२५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड ब्लँक इथे रविवारची प्रार्थना चालू असताना एका माणसाने गाडी सभागृहावर घातली, गोळीबार केला आणि इमारत पेटवली. चार सदस्य मरण पावले. हल्लेखोर पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याच्या मनात या पंथाविषयी द्वेष होता हे नंतर पुढे आले. काही दिवसांतच पंथाच्या सामान्य सदस्यांनी हल्लेखोराच्या बायकोमुलांसाठी निधी सुरू केला आणि लाखो डॉलर जमा झाले. मुख्यालयाने हे सुचवले नव्हते, त्यामागे प्रसिद्धीखाते नव्हते. १९७२ पासूनच्या सगळ्या मोहिमा एका पारड्यात टाकल्या, तरी हे दुसरे पारडे जड राहील.

अमेरिकेबाहेर प्रश्नाचे रूप बदलते. लॅटिन अमेरिकेत हे ‘अमेरिकेचे चर्च’ म्हणून ओळखले जाते आणि त्या रागापोटी १९८९ साली बोलिव्हियात दोन मिशनऱ्यांची हत्या झाली. रशियाने २०१६ मध्ये धर्मप्रचारावर निर्बंध घातल्यावर तिथल्या मिशनऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून वावरावे लागले. भारतात पंथ लहान आहे आणि बहुतेकांना त्याचे नावही माहीत नाही. पण मुंबई-पुण्याशी त्याचा संबंध पावणेदोनशे वर्षांचा आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी १८५२ साली मुंबईत आला, तेव्हा इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि पाद्र्यांच्या पत्रकांत मॉर्मनांची बदनामी त्याच्या आधीच पोचली होती. लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला छावणीत शिरकाव दिला नाही. त्याने मुंबईत उत्तरादाखल पुस्तिका छापल्या, पुण्यात मूठभर अनुयायी मिळवले, मराठी लोकांना उद्देशूनही एक पुस्तिका काढली, आणि काही वर्षांत ती मोहीम आटोपली. पंथाचे भारतातले पहिले मंदिर बंगळुरूचे. त्याचे भूमिपूजन २०२० मध्ये झाले. पंथाच्या रिवाजाप्रमाणे नवे मंदिर अर्पण होण्यापूर्वी काही दिवस कोणत्याही धर्माच्या माणसाला आत जाऊन सगळी दालने पाहता येतात. अर्पणविधीनंतर आत प्रवेश फक्त पंथाची शिफारस मिळालेल्या सदस्यांनाच असतो.